काचेच्या पेटीतली मूठभर

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी काचेची पेटी आहे. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांना माझ्यात ऊब देऊन वाढवतात. मी कारखान्यात घडले, पण माझे आयुष्य पहिले बाळ कुशीत आले तेव्हाच सुरू झाले, असे मी मानते. माणसांना मात्र हे ठरवणे एवढे सोपे जात नाही.

एकदा माझ्यात एक इवलीशी मुलगी होती. सिस्टर तिला मूठभर म्हणायच्या. ती जगेल का, हे डॉक्टरही सांगत नव्हते. तिच्या आईला तिचे नाव ठेवायचे होते, आणि त्यावरूनच घरच्यांची जुंपली.

आजोबा म्हणाले, "घाई नको. स्वतःच्या बळावर श्वास घेईल, तेव्हा ती आपल्यात आली."

"अहो, पोटात पहिल्यांदा हलली तेव्हाच आली ती," आजी म्हणाली.

"बीज रुजलं की जीव सुरू होतो," आत्या म्हणाली.

बाबा माझ्या काचेतल्या छोट्या खिडकीतून हात घालून लेकीचे बोट धरून उभे होते. "मी तिचा ठोका ऐकला ना, तेव्हापासून ती आहे," असे म्हणत ते तावातावाने वळले आणि खिडकी लावायलाच विसरले.

माझी ऊब भराभर निघून गेली. मूठभरचे ओठ निळे पडले. मी जिवाच्या आकांताने भोंगा वाजवला. सिस्टर धावत आल्या, त्यांनी बाळाची पाठ चोळली आणि खिडकी लावली.

"जीव कधी सुरू झाला ते घरी ठरवा," त्या म्हणाल्या. "इथे तो टिकवायचा आहे."

शेवटी आजोबा म्हणाले, "माझं मत तेच आहे. पण नाव ठेव, सूनबाई. हाक मारायला लागेल ना."

आईने काचेला तोंड लावून हाक मारली. मग सगळेच पाळीपाळीने माझ्याजवळ बसू लागले. वाद चालूच होता, पण हळू आवाजात. मूठभर मात्र दूध पचवून बाळसे धरू लागली. मला तिचा केवढा अभिमान वाटे!

मित्रांनो, आता मी अडगळीत धूळ खाते, पण ऐटीत. मोठे झालात की तुम्हीही हा वाद जरूर घाला. फक्त समोर जो जीव धडपडतो आहे, त्याला आधी ऊब द्या.

मूठभर घरी निघाली त्या दिवशी डॉक्टरांनी सहज विचारले, "किती दिवसांची झाली आमची मूठभर?" वाद घालणारे चौघेही आपापले उत्तर एकदम देऊ लागले. तेवढ्यात तिने असा टाहो फोडला, की कुणाचेच काही ऐकू आले नाही.