अप्पांच्या गाडीची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी आहे. सहा सेल जोडून, वर निळं प्लास्टिक चढवून मला कारखान्यात घडवलं. रिमोटच्या एका लाल गाडीच्या पोटात माझी जागा. घरातल्या मुलीने मला अंगणभर पळवलं. पुढे ती शिकायला परगावी गेली आणि मी कपाटात रिकामी पडून राहिले.

मग तिचे आजोबा, म्हणजे अप्पा, पाय घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. जन्मभर बस चालवलेला माणूस, पण वॉकर धरा म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचे. त्यांचा जीव रमावा म्हणून सूनबाईंनी मला शोधून काढलं. पहिल्यांदा मी लगेच दमले. सूनबाईंनी मला सावकाश चार्ज केलं, गाडीत वापरलं, गार होऊ दिलं, पुन्हा चार्ज केलं. असं चार-पाचदा झाल्यावर माझ्या अंगात जोर आला.

अप्पा खाटेवरूनच गाडी स्वयंपाकघरात न्यायचे. सूनबाई टपावर बिस्किटं ठेवायच्या.

"अप्पा, वेग मंदावला की थांबवत जा. पार रिकामी केली तर बॅटरी बिघडते."

"मला गाडी शिकवतेस होय?" अप्पा हसायचे.

एका दुपारी सूनबाई बाजारात गेल्या होत्या. माझा जोर ओसरला तरी अप्पांनी रिमोट सोडला नाही. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळाच्या मधोमध गाडी थांबली. माझं अंग तापलं होतं.

खाट करकरली. मग वॉकर टेकल्याचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला. अप्पा एकेक पाऊल टाकत माझ्याकडे येत होते.

सूनबाई परतल्या तेव्हा अप्पा बोळातल्या खुर्चीवर, गाडीशेजारी बसले होते.

"अहो, इथवर आलात कसे?"

"गाडी बंद पडली की ड्रायव्हरला उतरावंच लागतं," अप्पा म्हणाले. "लाव हिला चार्जिंगला."

सूनबाईंनी डोळे पुसले. "आधी गार होऊ दे तिला. तुम्हीही दम खा."

त्या दिवसापासून माझा एक सेल जरा अधू आहे. पण आता वॉकरच्या पिशवीत घालून अप्पा स्वतःच मला प्लगपाशी नेतात, आणि भरले की आठवणीने काढतात.

मित्रांनो, आम्हाला शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका, तापलेल्या अंगाने चार्जिंगला लावू नका. थोडी विश्रांती द्या. मग आम्ही पुष्कळ दूर नेतो. कधी कधी चालायलाही लावतो.