उंच डोक्याची वायर

तिला सगळे कानस म्हणायचे. एक तर जन्मभर हातात कानस, आणि दुसरं म्हणजे जिभेलाही तीच धार. गिटार दुरुस्तीच्या धंद्यात तिचा एवढा दरारा, की तिच्या दुकानावरून नुसतं नेलं तरी गिटार घाबरून सुरात येते, असं लोक सांगायचे. यातलं निम्मं खोटं धरा. पण कान मात्र तिचा खरंच तसला होता. शेजारच्या खोलीत कोणाच्या हातून चमचा पडला, तर चमचा जुना आहे, जड आहे आणि पाडणारा माणूस रागात आहे, इथपर्यंत ती सांगायची. लग्न का नाही केलं, तर म्हणे एकाशी जमत आलं होतं, पण तो चहाचा घोट घ्यायचा तो पाव सूर खाली.

दुकान म्हणजे बोळासारखी खोली. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी आणि मधे लांबलचक टेबल. भिंतीवर खिळ्यांना वायरची वेटोळी लटकलेली. त्या दिवशी सकाळी दादा आला तेव्हा ती चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधत होती.

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. वय सत्तरीला टेकलेलं. चाळीस वर्षं तो एका हॉलमध्ये दर रविवारी दुपारी वाजवत आला होता. तिथे म्हातारीकोतारी जोडपी नाचायला यायची, सहा माणसांचा बँड असायचा आणि खांबाशेजारची खुर्ची दादाची. तो बाकी काही करत नव्हता असं नाही, पण सोमवार ते शनिवार तो फक्त रविवारची वाट बघायचा.

त्याने गिटार टेबलावर ठेवली. "बघ जरा. तारा खरखरायला लागल्यात. बँडचा मास्तर म्हणाला, एवढा महिना दुरुस्तीला घे, पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नीट वाजली नाही तर खांबाजवळ दुसऱ्याला बसवतो."

"मास्तरला म्हणावं, आधी स्वतःचं पोट आत घे, मग माझ्या भावाला बाहेर काढ," कानस म्हणाली आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्या फ्रेट. बोटाने तार फ्रेटवर दाबली की सूर निघतो. ह्या फ्रेट एका वायरच्या कापून बसवतात. वायरला वर गोल डोकं असतं आणि खाली पाय. पाय लाकडातल्या खाचेत ठोकायचा, डोकं वर राहतं. दादाच्या फ्रेट झिजून पार जमिनीला लागल्या होत्या. दोनदा आधी बदलून झालेल्या, त्यामुळे खाचाही रुंदावलेल्या. कानसने एक फ्रेट नखाने उचकटली तर ती हलणाऱ्या दातासारखी हातात आली.

"ही शेवटची वेळ हं, दादा. जाड पायाची वायर ठोकावी लागणार, साधी टिकायची नाही. आणि ती पुन्हा उपटली तर लाकूडच निघून येईल. जे बसवू ते कायमचं."

"मग बसव कायमचं. मी तरी कुठे दोनशे वर्षं जगणार आहे."

आता कोणी म्हणेल, एवढा घोळ कशाला, नवी गिटार घ्यायची. पण दादाला दुसरी गिटार चालत नव्हती. त्याच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. कुठे गेलं विचारलं तर तो माणूस बघून उत्तर द्यायचा. कोणाला सांगायचा मगरीने नेलं, कोणाला सांगायचा एका बाईला निरोप देताना गाडीचं दार लागलं. एका बँकेतल्या साहेबाला तर त्याने सांगितलं होतं की ते गहाण पडलंय. खरी गोष्ट एवढीच, की तो सात वर्षांचा असताना वडिलांच्या करवतीखाली हात गेला. वडील सुतार. त्यानंतर वर्षभर ते घरात धड बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांनी मोडक्या पलंगाचा पाय घेतला आणि त्यातून ह्या गिटारची मान कोरली, त्या अपुऱ्या हाताच्या मापाने, अरुंद. जगात त्या मापाची दुसरी मान नव्हती.

कानसने भिंतीवरून दोन वेटोळी काढली. दोन्ही जाड पायाची. एक मध्यम डोक्याची, दुसरी उंच डोक्याची.

"मध्यम," दादा लगेच म्हणाला. "माझ्या हाताला तीच सवय. ती दुसरी काय आहे, आगगाडीचे रूळ?"

"बरं, मध्यम. जा आता, डोक्यावर बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. वहिनी दुकानात सहसा येत नसे, भुशाने तिला शिंका यायच्या. आली ती दारातच उभी राहिली आणि पदराने नाक झाकलं.

"वन्सं, यांना सांगू नका मी आले म्हणून."

"का, काय केलंय त्याने?"

"परवा गरम तवा हाताने उचलला. डाव्या हाताने. उचलून खाली ठेवला आणि माझ्याशी बोलतच राहिले. फोड आले तेव्हा कळलं." वहिनीला शिंक आली, मग दुसरी. "डॉक्टर म्हणाले, बोटांच्या नसा जातायत. आधी कळायचं बंद होणार, मग ताकद. वर्षाच्या आत शर्टाचं बटण लागणार नाही म्हणाले."

"दादाला माहितेय?"

"फोड तेवढे माहितेत. बाकीचं मी डॉक्टरांना सांगितलं, यांना नका सांगू. रविवार गेला तर हा माणूस घरात बसून माझा जीव खाईल आणि मग स्वतःचा." तिने पदराने नाक पुसलं. "आठवड्याला एक कप फोडतात हो. धरतात ते कसे, माहितेय? कोणी हिसकावून घेईल असे."

वहिनी गेल्यावर कानस बराच वेळ दोन्ही वेटोळी समोर घेऊन बसली. उंच डोक्याच्या फ्रेटचा एक गुण असतो. बोट जोरात दाबावं लागत नाही. तार नुसती टेकवली तरी सूर येतो. ज्याच्या बोटातली ताकद जाणार आहे, त्याला तीच वायर हवी. मध्यम बसवली तर सहा महिन्यांत दादाला तार दाबणार नाही आणि पुन्हा बदलायला खाच उरणार नाही. उंच बसवली तर हात लुळा पडेपर्यंत वाजेल. आणि दादाने तर मध्यम सांगितली होती. हे सगळं तिने मनात तीनदा फिरवलं आणि मध्यम वायरचं वेटोळं टेबलाच्या खणात सरकवून दिलं.

काम अवघड होतं. मानेत लोखंडी सळई नव्हती, नुसता पलंगाचा पाय. वीस खाचांत वीस जाड पाय ठोकले की मान पाचरी मारल्यासारखी मागे वाकणार. कानसने ती आधीच उलट्या बाजूला किंचित वाकवून पकडीत धरली. मग एक फ्रेट ठोकायची, पट्टी लावून बघायची, पुढच्या फ्रेटचा पाय जरा घासायचा, मग ती ठोकायची. सहा दिवस चाललं. त्या सहा दिवसांत ती कोणाशी बोलली नाही, त्यामुळे ती वारली अशी बातमी दोन गल्ल्या पलीकडे पोचली आणि एक जण हार घेऊन आला. तिने त्याला त्याच्या गिटारच्या राहिलेल्या कामाची आठवण करून दिली आणि हार ठेवून घेतला.

सातव्या दिवशी पकड सोडली. मान सरळ. पट्टी ठेवली तर खालून उजेडाची रेघसुद्धा नाही. असं काम तिच्या हातून आयुष्यात दोनदाच झालं असेल.

दादा आला, बसला, गिटार मांडीवर घेतली. बोटं फिरवली आणि थांबला.

"ही ती नव्हे."

"मध्यम संपली. वेटोळ्यात बारा फ्रेटपुरतीच निघाली."

कानस आयुष्यात पुष्कळ खोटं बोलली होती, पण भावाशी आणि कामाबद्दल पहिल्यांदाच. दादाने मान हलवली आणि वाजवायला लागला.

पहिलाच सूर चढा आला. दुसराही. तिसरा तर इतका चढा की कानसच्या दातातून कळ गेली. तिने त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. नखं पांढरी पडली होती. तो तारा दाबत नव्हता, आवळत होता. उंच फ्रेटवर तार इतकी दाबली की ती ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो.

"हात हलका ठेव."

"हलकाच आहे."

"हलका कसला, तू तिचा गळा धरलायस."

"अगं हलकाच आहे म्हणतो ना."

तेव्हा तिला कळलं. बोटांतली ताकद अजून गेलीच नव्हती. गेला होता तो स्पर्श. बोटाखाली तार लागतेय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो आणखी दाबत होता. कप फोडणारा हात होता तो. वहिनीने तिला तोंडाने सांगितलं होतं, आणि जिला पडलेल्या चमच्याचा राग ऐकू यायचा, तिला ते ऐकू आलं नव्हतं. तिने पुढच्या वर्षाच्या बोटांना फ्रेट बसवल्या होत्या, आणि आज समोर ह्या वर्षाची बोटं बसली होती.

"होईल सवय," ती म्हणाली.

दहा दिवसांत सवय झाली नाही. पहिल्या रविवारी दादा वाजवून आला आणि सरळ दुकानात शिरला. सुट्टी होती तरी कानस दार उघडून बसली होती. त्याने गिटार ठेवली.

"मास्तर काही बोलला नाही," दादा म्हणाला. "मी सुरू केलं की तो माझ्या माईकचा आवाज कमी करायचा. तिसऱ्या गाण्यात मला वाटलं माईकची वायरच तुटली, एवढं काही ऐकू येईना. शेवटी पाठीवर हात ठेवून म्हणाला, दादा, छान. चाळीस वर्षांत त्याने मला छान म्हटलेलं नाही."

कानसने गिटार जवळ ओढली.

"पुढच्या रविवारी एकदा बघू म्हणाला. कानशे, ह्या घासून खाली आण. मध्यमच्या मापाला. तेवढं तर होतं ना?"

"होतं."

"मग घास. वाट कसली बघतेस?"

"घासलेलं परत वर येत नाही, दादा."

"नको मला वर. मी काय शिडी लावणार आहे?"

कानसने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग तिने सगळं सांगितलं. तवा, डॉक्टर, बटण, वर्ष. खणातलं वेटोळंही काढून समोर ठेवलं. वहिनीचं नाव मधे येऊ द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण ते पहिल्याच वाक्यात आलं.

दादा डाव्या हाताकडे बघत राहिला. अंगठा एकेका बोटावर टेकवून पाहिला, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या. त्यातलं किती कळलं ते त्याचं त्यालाच माहीत.

"म्हणजे तू मला न विचारता माझं पुढचं वर्ष ठोकून बसवलंस," तो म्हणाला.

"चुकलं माझं."

"आणि तिने डॉक्टरला गप्प बसवलं. छान. दोघी मिळून मला कपाटात बंद करून ठेवायचंत नुसतं, म्हणजे तवाही नको आणि गिटारही नको."

"दादा, ह्या आहेत तशा ठेवल्या तर वर्षभराने, बोटं सैल पडली की, सूर बरोबर येतील. तेव्हाही वाजवता येईल तुला. घासल्या तर सहा महिने. आठ म्हण फार तर. मग दाबणारच नाही."

"वर्षभराने कुठे वाजवू? न्हाणीघरात?"

मास्तर वर्षभर खुर्ची रिकामी ठेवणार नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

दादा उठून खिडकीपाशी गेला. बाहेर समोरच्या भिंतीवर कोणीतरी चादर वाळत घातली होती, ती बघत उभा राहिला. मग तिकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "सव्वीस रविवार होतात."

"कशाचे?"

"सहा महिन्यांचे." तो परत येऊन स्टुलावर बसला. "घास."

"आज विचार कर. उद्या…"

"उद्याचं बघ असं मी म्हटलंच नव्हतं, ते तूच बघितलंस. घास म्हणतो ना."

कानसने तारा सैल करून काढल्या. गिटारची मान पकडीत घेतली, फ्रेटच्या मधल्या लाकडावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. मोठी सपाट कानस उचलली आणि पहिल्या फ्रेटवर नुसतीच टेकवून धरली. दादाने ते पाहिलं. त्याने दोन्ही हातांनी मानेचं टोक धरलं, घट्ट, नखं पांढरी होईपर्यंत.

"एवढं दाबू नकोस," ती म्हणाली.

"मला काय कळतंय?" तो म्हणाला.

तिने पहिला हात फिरवला. फ्रेटच्या डोक्यांवर चकचकीत रेघ उमटली आणि धातूची पूड कागदावर पडली, पिठासारखी बारीक. सहा दिवस लागले होते बसवायला. उतरवायला एक दुपार पुरली. दर थोड्या वेळाने ती मध्यम वायरचा तुकडा शेजारी धरून माप बघायची आणि दादाकडे बघायची.

"अजून," तो म्हणायचा.

मापाला आल्यावर ती थांबली, पूड फुंकायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. दादाने मान सोडली नव्हती.

"तारा चढव," तो म्हणाला. "रविवारच्या आधी हात बसला पाहिजे."