एका ताटात

एकोणीसशे सत्तावनच्या मे महिन्याच्या अखेरीला वर्तमानपत्रात आलेली बातमी जेमतेम दोन बोटं लांब होती. आधी सिंगापूर, मग मद्रास. बोटीतून आलेला नव्या जातीचा इन्फ्लुएंझा, आणि शेवटी सरकारी खुलासा : जनतेने घाबरण्याचे कारण नाही. मालनने ती बातमी दोनदा वाचली आणि तिचं डोकंच फिरलं. असा खुलासा लिहिणाऱ्याला साथ कुणाच्या घरात शिरणार आहे ते पक्कं ठाऊक असतं आणि ते घर त्याचं स्वतःचं नसतं, असं तिचं मत होतं. आणि मालनचं एखादं मत झालं, की लालबागच्या त्या चाळीत पहिल्या मजल्यावर कुणाला ते ऐकल्याशिवाय सुटका नसे.

मालन नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होती, वय सव्वीस. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. आई राधाबाई खानावळ चालवी. तळमजल्यावर त्यांच्याच गावच्या अकरा गिरणी कामगारांचा गाळा होता. कणकवलीकडचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले. एका खोलीत अकरा वळकट्या, निम्मे कामावर आणि निम्मे झोपलेले. ते अकराही जण पाळीप्रमाणे दोन पंगतींनी राधाबाईच्या खोलीत जेवत आणि तिला काकी म्हणत. राधाबाईने त्याआधी सोळा वर्षं गिरणीत वाइंडिंग खात्यात काढली होती. कापसाची धूळ तिच्या छातीत बसली ती बसलीच. दोन पायऱ्या चढली की तिला कठडा धरून उभं राहावं लागे. नाक्यावरच्या डॉक्टरांनी मालनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला साधं पडसंही झेपायचं नाही. जपा."

म्हणून मालन तयारीला लागली. दादरच्या वाचनालयात जाऊन तिने एकोणीसशे अठरा सालच्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे काढून घेतले आणि सलग दोन संध्याकाळ वाचले. तेव्हाही बोटच होती. तेव्हाही घाबरण्याचं कारण नव्हतं. परत आली ती दात आवळूनच. मग रेशनच्या तांदळातले दोन आठवडे पुरतील एवढे वेगळे डब्यात गेले, रॉकेलचा डबा भरून झाला, निलगिरी, परमँगनेट, तापाच्या गोळ्या, ओवा आणि जुन्या धोतराच्या चौकोनी पट्ट्या फळीवर ओळीने लागल्या.

"गो, लढाय होवची आसा काय?" राधाबाईने विचारलं.

"हो. आणि तुला मागे राहायचं आहे."

तयारीतलं सर्वांत अवघड कलम होतं गाळ्याचं. मालनने गाळ्याचे वडीलधारे लवूभाऊ यांना वर बोलावलं आणि सांगितलं, की साथ संपेपर्यंत पंगत बंद. ज्याने त्याने आपला डबा आणायचा, जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, भरून झाला की हाक मारीन तेव्हा न्यायचा. डबे उकळत्या पाण्यातून काढून घेईन. खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही.

लवूभाऊ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात फाउंटनवरच्या गोळीबाराला तोंड दिलेले, यंदा समितीच्या प्रचारात भिंती रंगवलेले. हसून म्हणाले, "मास्तरीणबाय, गोळयेक भियालंव नाय, आता शिंकेक भियाचा?"

"गोळी लागली तर तुम्हाला लागते, लवूभाऊ. शिंक माझ्या आईला लागते."

लवूभाऊंचं हसू मावळलं. ते बरं म्हणून खाली गेले. राधाबाई मात्र चिडली. तिच्या खानावळीचा रिवाज होता, की जेवणाऱ्यांपैकी कुणी आजारी पडला तर त्याला पेज काकीनेच न्यायची, स्वतःच्या हाताने. गिरणगावात सगळ्याच खानावळवाल्या ते करीत. न करणारीला बायका नावं ठेवत.

"अठरा साली मानमोडी इली तेव्हा मी अकरा वर्सांची," राधाबाई म्हणाली. "घरात सात जणां आडवी. शेजारची येसूकाकी रोज दारात येवन पेज घाली, म्हणान आज मी हय बसलंय. आणि मी माज्या माणसांका पायरीवर घालू? कुत्र्यासारख्या?"

"येसूकाकीचं पुढे काय झालं?"

राधाबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. येसूकाकीचं काय झालं ते दोघींनाही माहीत होतं.

"पेजही पायरीवर ठेवायची," मालन म्हणाली. "शपथ घे."

आईने शपथ घेतली, पण ज्या तोंडाने घेतली ते बघून मालनला आणखी राग आला. आईला वाचवायचं तर आधी आईशीच भांडावं लागत होतं.

चाळीत तिची टिंगल झाली. शेजारच्या रमाबाई कठड्याला टेकून म्हणत, "आमच्या राधाबाईची लेक बामणांच्या वरताण सोवळं पाळायला लागली हो!" डब्यांची रांग पायरीवर लागली, की पोरं त्यावरून उड्या मारीत. गाळ्यातला सगळ्यांत धाकटा धोंडू, बावीस वर्षांचा बदली कामगार, आपला डबा ठेवताना दोन हात लांबून नमस्कार करी आणि ओरडे, "देवी, प्रसाद घाला!" राधाबाई पदर तोंडावर धरून हसे. मालन हसत नसे. ती कुणाच्या नाकाला पाणी आहे ते बघत असे.

असे बारा दिवस गेले. अकरा जणांतला एकही खोकला नाही.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी शाळा उघडली. वर्गात त्रेचाळीस मुलं, त्यांतली निम्मी शिंकत होती. मंगळवारी सोळाजण आले नाहीत. मालनने हेडमास्तरांना सांगितलं, की शाळा बंद ठेवा. त्यांनी वरून पत्रक आल्याशिवाय बंद ठेवता येत नाही असं उत्तर दिलं. "पत्रक येईपर्यंत पोरं मरतील," असं ती बोलून गेली आणि हेडमास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी ती धुमसतच घरी आली, हात परमँगनेटच्या पाण्यात बुडवले, पदर झटकला आणि अकरा डबे उकळले.

बुधवारी दुपारी फळ्यावर लिहिताना तिचं कोपर दुखलं. मग पाठ, मग डोळ्यांच्या खोबण्या. घरी येईतो अंगात कणकण भरली होती. हे काय आहे ते तिला त्याच क्षणी कळलं. त्या घटकेला कळलं नाही असं तिला पुढे कधी म्हणता आलं नसतं.

पण गाळ्याला बारा दिवस पायरीवर जेवू घातलेल्या मास्तरणीने रमाबाईसमोर शिंकायचं? तिने दोन गोळ्या गिळल्या. वाटलं, उन्हाचं असेल. वाटलं, सकाळपर्यंत उतरेल, मग कशाला सांगायचं. ती जेवायला बसली. भात घशाखाली उतरेना. निम्मा टाकून ती उठली.

त्या घरात एक पद्धत होती. इतकी जुनी, की ती पद्धत आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नसे. राधाबाई सगळ्यांच्या शेवटी जेवी आणि वेगळं ताट घेत नसे. नवरा होता तेव्हा त्याच्या ताटात बसे, तो गेल्यावर मुलीच्या. टाकलेलं अन्न आधी संपवायचं आणि मग त्यातच आपलं वाढून घ्यायचं. फळीवर सगळी तयारी होती, गाळ्याच्या अकरा डब्यांचा हिशेब होता, पायरी होती, पट्ट्या होत्या. हे ताट त्या तयारीत कुठेच नव्हतं. घरच्यांत कसली शिवाशिव?

राधाबाईने पाट ओढला. मालनने टाकलेल्या भातावर आमटी घातली. "गो, काय जेवलंच नाय तू," ती म्हणाली आणि कालवायला लागली.

मालन खिडकीपाशी उभी होती. 'आई, ते नको खाऊ,' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर आईने का म्हणून विचारलं असतं. मालनने पाठ वळवली आणि वह्या तपासायला घेतल्या.

गुरुवारी तापातच तिने डबे भरले. शुक्रवारी पहाटे राधाबाई चुलीपुढे बसून दोन्ही गुडघे दाबत होती. "वारो लागलो असात," म्हणाली. मालनने तिच्या कपाळाला हात लावला नाही. तिचा स्वतःचा हातच एवढा तापला होता, की त्याला काही कळलं नसतं. ती शाळेत गेली.

ती गेल्यावर दुपारी धोंडू गाळ्यात तापाने पडला. दुसऱ्या पाळीचे सगळे कामावर आणि बाकीचे झोपलेले. राधाबाईने पेज केली, पायरीवर ठेवली आणि वाट पाहिली. कुणी नेईना. मग शपथ गुंडाळून ठेवून ती जिना उतरली, धोंडूच्या उशाशी बसली आणि त्याला चार घोट पाजले. रमाबाईने ते पाहिलं. अर्ध्या चाळीने पाहिलं. वर येताना राधाबाई जिन्यातच खाली बसली, तेही सगळ्यांनी पाहिलं. मंगळवारी पहाटे ती गेली. शेवटचे दोन दिवस तिचा श्वास तळमजल्यावर ऐकू येत होता.

धोंडू बरा झाला. मालनही उठली. तीही आजारी आहे हे चाळीला शनिवारी कळलं होतं. आईचं करता करता पोरीलाही लागलं, असं लोक म्हणाले.

मग बोलणं सुरू झालं. "धोंडूने काकीला खाल्लं." रमाबाई नळावर म्हणाल्या, नळावरून ते गाळ्यात गेलं. गाळ्यातल्यांनी त्याची वळकटी बाहेर गॅलरीत टाकली. तो आला की बाकीचे उठून जात. दुसऱ्या एका खानावळीत लवूभाऊंनी गाळ्याची सोय लावली ती दहा जणांची लावली. मालनला हे सगळं दिसत होतं. रमाबाई सांत्वनाला येत आणि तिच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणत, "तू केवढं केलंस गो! त्या मेल्याने मातीत घातलं सगळं." मालनच्या तोंडात उत्तर येई आणि ती ते गिळी. रमाबाईचा तिला इतका राग येई, की त्यांचा हात पाठीवरून ढकलून द्यावासा वाटे. आणि त्या गेल्या, की तिला बरं वाटे. त्या बरं वाटण्याचा राग सगळ्यांत मोठा होता.

तेरावं झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी धोंडू वर आला. पत्र्याची ट्रंक त्याने दाराबाहेर ठेवली. उंबरठ्याच्या आत आला नाही, पायरीचा नियम अजून असल्यासारखा.

"बाय, मी गावाक जातंय."

"आणि गिरणी?"

"बदलीचो पास खात्यातल्या मुकादमाकडे, जाबराकडे, परत दिलंय. हय कोण बरोबर जेवाक बसत नाय." त्याने वाकून उंबरठ्याला डोकं लावलं. "माका माफ करा. काकीन माका पेज पाजली आणि मी तिचो जीव घेतलंय."

मालन उठून दारात आली. "ऊठ. तुझ्यामुळे नाही गेली ती."

"नाय बाय..."

"माझ्यामुळे गेली. मला आधी ताप आला होता. बुधवारी. मी टाकलेला भात तिने खाल्ला आणि मी बघत उभी राहिले. तू पडायच्या आधीच ती गुडघे दाबत बसली होती. तुला लागलं तेही माझ्याकडूनच लागलं असेल. डबे मीच भरत होते."

धोंडूने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले आणि तो चक्क हसला. "तुमी माजा मन राखतास, बाय. तुमची आवस पण अशीच होती." त्याने ट्रंकेच्या कडीत हात घातला.

तेरा दिवस गिळलेलं सगळं मालनच्या घशाशी आलं. ती खोटं राखत होती तेव्हा सगळ्यांना ते खरं वाटलं, आणि आता खरं बोलली तर ती तिची माया! तिने ट्रंकेवर पाय दिला.

"ठेव ती. ठेव म्हणते ना! मी कुणाचं मन राखत नाही, कळलं? रमाबाई! ओ रमाबाई, दाराआड काय उभ्या राहता, या इकडे. लवूभाऊ! वर या."

"अगो, काय झालं?" रमाबाई पदर सावरत आल्या. "पोर दुःखाने बावरलीय."

"बावरले नाही. तुम्ही नळावर सांगितलंत ना, याने खाल्लं म्हणून? आता हे सांगा." लवूभाऊ जिना चढून आले, मागोमाग गाळ्यातले तिघंचौघं. खालच्या पोरांनी खेळ थांबवला. मालनचा आवाज वर्गात असतो तसा झाला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. तिने वार सांगितले. सोमवारी वर्गात काय होतं ते सांगितलं. बुधवारी अंग तापलं, दोन गोळ्या घेतल्या, ते कळलं होतं आणि तरी लपवलं. का लपवलं तेही सांगितलं : "तुम्ही हसाल म्हणून. एवढ्यासाठी." शुक्रवारी पहाटे, धोंडू पडायच्या आठ तास आधी, आई चुलीपुढे कशी बसली होती ते सांगताना तिचा आवाज फुटला. ती थांबली, पुन्हा आवाज चढवला आणि पुरतं सांगितलं.

रमाबाई तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे आल्या नाहीत.

लवूभाऊंनी तिच्या पायाखालची ट्रंक ओढून घेतली. ती त्यांनी खांद्यावर टाकली, धोंडूच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "चल. जाबराकडे पास परत मागूक मी येतंय." जिना उतरताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बाकीचेही त्यांच्यामागून उतरले. रमाबाई आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मालन एकटी दारात उभी राहिली. खाली गाळ्यात वळकटी आत ओढल्याचा आवाज झाला, मग ट्रंक जमिनीवर टेकल्याचा.