जामिनाची पाचर

सालेटोल्याच्या रेल्वे कारखान्याच्या फाटकावर बंदची नोटीस चिकटली, त्या सकाळी हरिदासला कोणी चहा दिला नाही. एवढीशी गोष्ट, पण तीच त्याला सगळ्यात जास्त लागली. फाटकासमोर पोती टाकून बसलेल्या प्रत्येकापुढं किटली थांबली, मुखरूपुढं थांबली आणि हरिदासपुढून सरळ निघून गेली. मुखरू म्हणजे त्याचा जन्माचा जोडीदार. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले, एकाच डब्यात जेवून म्हातारे झालेले. त्यानंही मान वर केली नाही.

"मुखरू, मले खरंच ठाऊक नव्हतं," हरिदास म्हणाला.

"तुह्याच घरचं पोट्टं इथी साहेब हाय," मुखरू जमिनीकडं बघत म्हणाला. "तुले ठाऊक नसन तं मंग कोणाले असन?"

हरिदास घरी निघून आला.

हा कारखाना इंग्रजांच्या वेळचा. सिंदेवाहीकडून येणाऱ्या छोट्या गाडीसाठी तो उभा राहिला, जंगलातलं सागवान ओढणारी इंजिनं इथं दुरुस्तीला यायची. पुढं लाईन रुंद झाली, छोटी इंजिनं भंगारात गेली, एखादं चौकात रंग लावून उभं राहिलं. तरी कारखाना तगला तो चाकांच्या लेथमुळं. घराएवढी ती मशीन. डब्याची झिजलेली चाकं आसासकट तिच्यावर चढवायची आणि कातून पुन्हा गोल करायची. आसपासच्या कुठल्याच शेडमध्ये अशी लेथ नव्हती, म्हणून चाकं इथं यायची आणि चुली पेटायच्या. ती गेली की कारखान्याचा कारभार आटोपलाच, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून बंद होण्याची कुणकुण लागली तशी माणसांनी फाटकासमोर पोती टाकली, पाळ्या लावल्या. साहेबलोकांनी एकदा क्रेन आणली. बाया तिच्या चाकांपुढं जाऊन बसल्या आणि क्रेन आली तशी परत गेली. जोरजबरदस्ती करता आली असती, पण धसमुसळेपणानं उचललेली लेथ मोडली असती. मोडकी लेथ कोणाला हवी होती?

मग दिवाळीनंतर अश्वजित जेवायला आला.

अश्वजित हरिदासच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा पोराला धड चालताही येत नव्हतं. हरिदासच्या बायकोला, मीराबाईला, पोटचं मूल नव्हतं, तिनं यालाच पदराखाली घेतलं. हरिदासनं त्याला कारखान्यात नेलं, लेथवर हात बसवून दिला, मग पोटाला चिमटा घेऊन डिप्लोमा करू दिला. पोरगा हुशार. परीक्षा देत देत त्याच कारखान्यात साहेब झाला, आणि हरिदास बाजारात जरा छाती काढून चालायला लागला. त्यात चूक तरी काय होती?

"मोठेबाबा," अश्वजित त्या दिवशी म्हणाला, "लेथची मोटर जुनी झाली. अख्खी लेथच दुरुस्तीले पाठवून राह्यलो. नव्या मोटरसंग उन्हाळ्यात वापस येते. ती सुधरली तं कारखान्याले कोणी हात लावत नाई. पण तुम्हीच खोला. दुसऱ्यानं खोलली तं वाट लागन."

"माणसं फाटक नाई उघडत रे."

"तुम्ही सांगितलं तं उघडतीन."

हरिदासनं विचार केला. "मंग जामीन ठेवू ना मी?"

"ठेवा ना," अश्वजित भात कालवत म्हणाला. "काऊन नाई?"

जामीन ही या कारखान्याची जुनी रीत. मशीन ज्यानं खोलायची, त्यानंच ती जोडायची. सुट्या केलेल्या जोडांवर त्यानं आपली खूण ठोकायची आणि एक लहानसा भाग, ज्याच्यावाचून मशीन चालणार नाही असा, आपल्या घरी नेऊन ठेवायचा. तोच जामीन. तो खोलणाऱ्याच्या घरात आहे म्हणजे मशीन परत येणार, यावर कोणी शंका घेत नसे. पणजोबांच्या वेळेपासून एकही जामीन खोटा पडला नव्हता.

हरिदासनं लेथ खोलली. जीव ओतून खोलली म्हणा. कुठं ओरखडा येऊ दिला नाही, एकेक भाग तेल लावून गोणपाटात गुंडाळला. शेवटी लेथचं डोकं जागच्या जागी धरून ठेवणारी लोखंडी पाचर काढली. वीतभर लांब, एका अंगानं उतरती. ती घेऊन तो फाटकावर आला. मुखरूनं ती हातात घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "हरिदासचा जामीन हाय," तो म्हणाला. "जाऊ द्या गाड्या."

माणसांनी पोती उचलली. फाटक त्यांनीच उघडलं. ट्रक गेले, आणि हरिदासनं पाचर घरी नेऊन फळीवर बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवली. मीराबाई रोज ती मूर्तीबरोबर पुसायची.

आणि आता ही नोटीस, आणि फाटकासमोर पुन्हा पोती. अश्वजितचा फोन लागत नव्हता. हरिदास बाजारात जायचा बंद झाला, कारण बाजारात माणसं बोलता बोलता गप्प व्हायची. "पोट्ट्यालेही फसवलं असन कोणी," मीराबाई पुन्हा पुन्हा म्हणायची. हरिदासही तेच धरून बसला होता. पोरगा येईल, म्हणेल मोठेबाबा, मलाही वरच्यांनी गाफील ठेवलं, मग आपण त्याला हाताला धरून फाटकावर नेऊ, असं त्याच्या मनात पक्कं होतं.

अश्वजित आला तो एका दुपारी, गाडी घेऊन. मीराबाईनं लगबगीनं लाखोळीच्या डाळीचे वडे तळायला घेतले. त्याला लहानपणापासून आवडायचे. तो खाटेवर टेकला, फळीकडं बघितलं आणि म्हणाला, "मोठेबाबा, ती पाचर पायजे होती."

हरिदासला आधी समजलंच नाही. "लेथ आली का?"

"नाई. लेथ इकली, दूरच्या एका कंपनीले. तुमच्या खुणा पाहून त्यायनं सगळी जोडली. एका पाचरीसाठी अडून राह्यली."

मीराबाई वड्यांची ताटली घेऊन दारात आली होती. तिनं ती त्याच्यापुढं ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

"इकनार हाय हे तुले कधी कळलं?" हरिदासनं विचारलं.

"मोठेबाबा, कारखाना बंद होनारच होता. मी नाई तं दुसऱ्या कोणी केलं असतं. तुमची सून पोरीले घेऊन तिकडं नागपूरले, मी इकडं. माही बदली अडवून ठेवली होती. म्हणे लेथ शाबूत काढून दे, मंग जाय."

"मी ते नाई इचारलं. खोलाच्या आधी तुले माहीत होतं का?"

"होतं."

"मी जामीन ठेवतो म्हटलं, तेव्हाही?"

अश्वजित चिडला. चिडणं त्याला सोपं गेलं असावं. "जामीन नसता तं मुखरूकाकानं फाटक उघडलं असतं का?"

पोरगा नुसतं खोटं बोलला असता तर हरिदासनं ते पचवलं असतं. घरात कोण खोटं बोलत नाही? पण यानं आपल्या मोठ्या बापाचं इमान मोजूनमापून हत्यारासारखं वापरलं होतं, जेवता जेवता, भात कालवत. याच्या कानाखाली आवाज काढावा असं त्याला वाटलं. हात मात्र उचलला नाही.

"नाई देत मी," तो म्हणाला.

"नका देऊ." अश्वजित उठला. "मी बनवून घेतो. हे बनवाले तुम्हीच तं शिकवलं मले. जुनी भेटली असती तं तेवढी मेहनत वाचली असती, म्हणून आलो."

मीराबाई पुढं झाली आणि तिनं वड्यांची ताटली उचलली. एकाही वड्याला हात लागलेला नव्हता. इतक्या वर्षांत तिनं त्याला उपाशी कधी जाऊ दिलं नव्हतं.

"जाय बापू," ती म्हणाली. "तुले उशीर होईन."

गाडी गेल्यावर हरिदासनं फळीवरची पाचर घेतली आणि फाटकावर गेला. नोटीस लागली तरी मुखरू आणि आणखी काही जण अजून तिथं बसत होते. दुसरं जायचं तरी कुठं? हरिदासनं पाचर पोत्यावर मुखरूपुढं ठेवली.

"लेथ इकली," तो म्हणाला. "अश्वजितले आधीपासून ठाऊक होतं. माहा जामीन पाहून तुम्ही फाटक उघडता, हेही त्याले ठाऊक होतं. आता पाचर मांगाले आला होता. मी देल्ली नाई."

मुखरूनं पाचर उचलली आणि पहिल्यांदा हरिदासच्या तोंडाकडं बघितलं. "म्हणजे लेथ अजून चालू नाई?"

बाकीच्यांनीही माना वर केल्या. त्यांच्या चेहऱ्यांवर जी आशा दिसली ती हरिदासला बघवेना. गप्प राहता आलं असतं. निदान आजची रात्र त्यांना बरी गेली असती.

"चालन," तो म्हणाला. "पोट्टं दुसरी पाचर बनवून राह्यलं."

"जमन त्याले?"

"जमन. माह्याच हातची वाटन, अशी बनवन. मीच शिकवलं, जीव लावून शिकवलं."

मुखरूनं पाचर उलटसुलट करून बघितली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि हरिदासच्या हातात परत दिली. मग तो पोत्यावर जरासा सरकला. हरिदास बसला. दोघंही फाटकाकडं बघत राहिले. आतल्या लेथच्या रिकाम्या ओट्यावर बकऱ्या चढल्या होत्या. त्यांना हाकलायला कोणी उठलं नाही.