माझी भाकरी खाणारा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. चार पाय, एक फाटका कान, नाव काळ्या. कोल्हारच्या योसेफ मास्तरांनी मला पिल्लू असताना प्रवरेकाठून उचलून आणले. रोज संध्याकाळी शेजारी बसून ते दिवसभराचे सगळे मलाच सांगत. बायकोला, दीनाबाईंना, त्याचा राग येई आणि मला उगाच मिरवावेसे वाटे.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांना कामावर प्यायला पाणी मिळेना. त्या आमच्या अंगणात जमू लागल्या. सगळ्यांनी मिळून तहसीलवर जायचे, असे मास्तरांनी ठरवले. त्यानंतर समोरच्या कडुलिंबाखाली एक परका माणूस येऊन बसला. मी भुंकलो. दीनाबाई विचारायला गेल्या.

"बाई, मी पोलिसातला गहिनीनाथ. तुमच्या मालकावर नजर ठिवायचा हुकूम हाय. मी तरी काय करू?"

"ठिवा की नजर. पन दारातला मानूस आमी उपाशी ठिवत न्हाई."

आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची जी अर्धी भाकरी माझी, ती त्याला गेली! माझा नुसता जळफळाट झाला. राखण मी करायची आणि भाकरी याने खायची? मला मास्तरांची पावले ओळखू येत. हळूहळू त्यालाही येऊ लागली. मास्तर कधी झोपले, कोणाशी बोलले, सगळे त्याला ठाऊक. मी भुंकलो की मलाच ऐकावे लागे, "गप रं!"

पण त्याची राखण निराळीच होती. खडी फोडणारी भागूबाई अंगणात बसून गेली की सकाळी तिच्या दारात पोलीस शिपाई हजर. शेवटी ती म्हणाली, "मास्तर, आता आमी येत न्हाई. पोरंबाळं हायेत आमाला."

तहसीलवर जायच्या दिवशी मास्तर एसटीच्या थांब्यावर एकटेच उभे राहिले. कोणी आले नाही. ते घरी परतले. बायकांना पाणी मिळालेच नाही.

पुढे गहिनीनाथची बदली झाली. मी अंगणभर नाचलो. आता मास्तर पुन्हा माझे! संध्याकाळी ते शेजारी बसले, बोलायला तोंड उघडले, रिकाम्या कडुलिंबाकडे पाहिले आणि गप्प झाले. अजून तसेच आहेत. भाकरी गेली तर गेली. पण मास्तरांचे बोलणे माझे होते, तेही तो घेऊन गेला. मी अजून जळतो त्याच्यावर.

मित्रांनो, कधी कोल्हारला आलात तर आमच्या अंगणात बसा. मास्तरांना मोठ्याने हाक मारा आणि बायकांना पाणी का मिळाले नाही, ते विचारा. मी भुंकणार नाही.