वस्तीचं नाव सांगा

प्रयागबाईंनी पदरानं मोबाइल पुसला, डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून पाहिला आणि शेवटी सुनेच्या पुढ्यात ठेवला.

“दिपे, ह्यातलं खालचं नाव दाब. साईकृपानगर.”

दिपाली ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिचा हात थांबला.

“खालचं न्हाय आत्या, वरचं म्हणायचंय तुमाला.”

“मला काय म्हणायचंय त्ये मला ठावं हाय. खालचं दाब.”

दिपालीनं लिंबाखालच्या बाजेकडं पाहिलं. बाजेवर तिचे सासरे हिंदुराव डाव्या हातानं माशा वारत पडले होते. उजवा हात पोटावर ठेवलेला होता. तो ठेवावा लागायचा, आपला आपण हलत नव्हता. वरचं नाव त्यांचंच होतं, हिंदुराववस्ती. चाळीस वर्षांपूर्वी बावडा गावाच्या पुढं कालव्याच्या चारीच्या कडेला नुसत्या बाभळी होत्या, तेव्हा हा माणूस गाव सोडून रानात येऊन राहिला, विहीर खोदली आणि मागून येईल त्याला घागरभर पाण्याला कधी नाही म्हणाला नाही. त्याच्या मागं अकरा घरं झाली. वस्तीचं बारसं कुणी केलं नव्हतं. लोक म्हणत गेले आणि नाव पडलं.

“मामांचं नाव पुसायला निघालात तुमी? आन् ते बी त्येंच्या डोळ्यांदेखत?”

प्रयागबाई फोडलेल्या शेंगांमधले खडे निवडायला लागल्या. शेंगांत खडे नव्हते.

हे नावाचं झेंगट उभं राहिलं होतं तालुक्याच्या ॲपमुळं. सरकारी नकाशावर गावं होती, पण माणसं राहतात ती वस्त्यांवर, आणि वस्त्यांचा नकाशात पत्ताच नव्हता. रुग्णवाहिका, आगीचा बंब, गुरांचा डॉक्टर, सगळे उसातनं वाट चुकायचे. कचेरीत बसून हे सुटणार नाही हे एकदाचं कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि दिवाळीनंतर तालुक्यानं लोकांनाच विचारायचं ठरवलं. ज्याची वस्ती त्यानं ती मोबाइलवर नकाशात दाखवायची. वाट कुठून, पूल कोणता, ओढ्याला पाणी आलं तर दुसरीकडून कसं यायचं, हे लिहायचं. आणि ते खरं की खोटं हे शेजारच्या वस्तीनं सांगायचं.

सुरुवातीला काय, नुसता पोरखेळ. पहिले आठ दिवस ॲपवर गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. एका बहाद्दरानं तर आपल्या पडीक रानावर हेलिपॅड म्हणून खूण केली. ग्रामसेविका राजलक्ष्मी मॅडमनी फोन करून विचारलं तर म्हणाला, “उद्या कुणी मोठं माणूस आलं तर उतरायचं कुठं?” मॅडमनी कपाळाला हात लावला, पण ॲप बंद केलं नाही. मग हळूहळू गंमत झाली. दुधाच्या गाडीवाल्यानं कुठल्या पुलावरून जड गाडी जात नाही ते लिहिलं. खुरपायला जाणाऱ्या बायांनी कुठली वाट आठ महिने चिखलात असते ते सांगितलं. इतकी वर्षं कुणी कागदावर न मांडलेल्या वाटा महिन्याभरात नकाशावर आल्या.

राहिली होती ती नावं. ज्या वस्तीच्या नावावर वाद असेल तिथं मतं घ्यायची होती. हिंदुराववस्तीवर कधी वाद नव्हता. तो आप्पानं काढला.

आप्पा म्हणजे हिंदुरावांचा चुलतभाऊ, शेजारच्याच घरातला. माणूस वाईट नाही, पण त्याचा यशराज बत्तीस वर्षांचा झाला होता आणि लग्न जमत नव्हतं. बापाच्या जिवाला त्याचा घोर लागला होता.

दुपारी तो आलाच. दारातनंच म्हणाला, “वहिनी, तुमी खालच्या नावाला मत देणार असं ऐकलं. लई मोठं मन हाय तुमचं.”

“मन बिन काय न्हाय,” प्रयागबाई म्हणाल्या.

“आवो, वस्ती म्हणलं की पोरीचा बाप नाक मुरडतो. म्हणतो, माझी लेक काय रानात ऱ्हाईल व्हय? नगर म्हणलं म्हंजी कसं, जरा बरं वाटतं.”

“रस्त्यात गुडघाभर खड्डं आन् म्हणं नगर,” दिपाली फणकारली. “आप्पा, नावं ठेवून कुठं लग्नं जमत असत्यात?”

“तू गप गं. तुझं जमलंय.”

दिपालीला हसू आवरेना. पण मोबाइल वाजला आणि ती त्यात डोकावली. नावाच्या चर्चेत कुणीतरी नवीन लिहिलं होतं. तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं, कारण आप्पाला चष्मा सापडत नव्हता.

“‘मी रुग्णवाहिकेचा चालक आहे. माझं मत मोजलं जाणार नाही, मी तिथला नाही. पण सात महिन्यांपूर्वी मी ह्याच वस्तीवर चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. कॉलमध्ये वस्तीचं नाव नव्हतं. नुसतं चारीच्या कडेला एवढंच होतं. मी चारीच्या पलीकडच्या अंगानं हिंडत बसलो. हिंदुराववस्ती एवढं कळलं असतं तर रस्त्यावरच्या शेंबड्या पोरानंही बोट केलं असतं. तुम्ही नवीन नाव ठेवाल, पण रस्त्यावरच्या माणसाला ते कळायला दहा वर्षं लागतील. तोवर मी परत चुकणार. जे नाव लोकांच्या तोंडात आहे तेच ठेवा, एवढी विनंती.’”

दिपालीनं मोबाइल खाली केला.

“नाव नव्हतं म्हंजी?” आप्पा म्हणाला. “वहिनी, तवा तर रेंज नव्हती म्हणला व्हता तुमी. फोन तुटला म्हणला व्हता.”

सात महिने सगळ्या भावकीला हेच माहीत होतं. कुशल, म्हणजे प्रयागबाईंचा मुलगा, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. तो त्या दिवशी पाळीवर होता. दिपाली माहेरी होती. भर दुपारी हिंदुराव मोटार चालू करायला गेले आणि विहिरीजवळच कोसळले. घरात प्रयागबाई एकट्या. मुलानं फोनमध्ये घालून दिलेला रुग्णवाहिकेचा नंबर त्यांनी दाबला होता. पुढं डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणलं असतं तर हात आणि वाचा कदाचित वाचली असती. त्यावर सगळ्यांनी मिळून रेंजला शिव्या घातल्या होत्या.

“रेंज व्हती,” प्रयागबाई म्हणाल्या.

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“रेंज चांगली व्हती. पलीकडनं बाई इचारत व्हती, वस्तीचं नाव सांगा. मी म्हणलं, आमच्या ह्यांची वस्ती. ती म्हणली, ह्यांचं नाव काय. मी म्हणलं, कुशलचा बाप. तीनदा इचारलं तिनं. नाव माझ्या व्हटापत्तुर यायचं आन् माघारी जायचं.”

“पर आत्या, अशा टायमाला बी?”

“अशा टायमालाच गं!” त्यांचा आवाज एकदम चढला. “आईनं शिकवल्यालं, धन्याचं नाव घेतलं की त्येचं आयुष्य कमी हुतं. सत्तेचाळीस वर्सं घेतलं न्हाय. आन् त्ये समोर मातीत पडल्यालं, तोंड वाकडं झाल्यालं, आन् मी तवा घ्यायचं? मला वाटलं, आत्ता घेतलं तर गेलंच. त्येंचा जीव राखायला म्हणून मी गप ऱ्हायले, दिपे. आन् गप ऱ्हाऊन काय राखलं, त्ये बघ.”

बाजेवर हिंदुराव लिंबाच्या फांद्यांकडं पाहत होते. त्यांना ऐकू सगळं येत होतं. समजतही होतं, असं डॉक्टर म्हणत. फक्त तोंडातनं शब्द येत नव्हता. बोलवत राहा, हाका मारत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून दिपाली रोज “मामा, मामा” करायची, कुशल “दादा” म्हणायचा, वस्तीवरची माणसं “तात्या” म्हणायची. ते ज्याच्या त्याच्याकडं बघायचे, एवढंच. नावानं हाक मारणारी त्यांची आई होती. बांधावर उभी राहून ती “हिंदुरावऽ” म्हणून ओरडायची आणि रानाच्या कुठल्याही कोपऱ्यातनं ह्यांचा “ओ” यायचा. ती जाऊन वीस वर्षं झाली होती.

“म्हणून मला त्ये नगर पायजे,” प्रयागबाई डोळे पुसत म्हणाल्या. “तू रानात जातीस, दिवसा घरात मीच असती. उद्या परत कायी झालं, तर मला त्ये नाव घेता तर आलं पायजे.”

आप्पानं टोपी काढली, झटकली, परत घातली.

“दिपाली,” तो म्हणाला, “माझं मत वरच्या नावाला लाव.”

“आन् यशराज भावजींचं लगीन?”

“पोरीचा बाप यायचा झाला तर रस्ता तरी चुकायचा न्हाय.”

त्या आठवड्यात नाव ठरलं. अडतीस मतांतली एकतीस वरच्या नावाला पडली. प्रयागबाईंचं मत दिपालीनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मोबाइलवर ते त्यांनी स्वतःच्या हातानं कसंबसं दाबलं.

पुढच्या मंगळवारी राजलक्ष्मी मॅडम स्कूटीवरून आल्या. नकाशावर खूण करून भागत नाही, प्रत्येक वस्तीवरून एक चाचणीचा कॉल करायचा असं तालुक्यानं ठरवलं होतं. पलीकडं खरीच माणसं असणार होती आणि ती खऱ्यासारखंच विचारणार होती. कॉलवर जेवढं सांगितलं जाईल, तेवढ्यावर त्यांनी नकाशात वस्ती शोधून दाखवायची.

वस्तीवरची झाडून सगळी माणसं लिंबाखाली जमली. हिंदुरावांच्या पाठीला दोन उशा लावून त्यांना बसवलं होतं.

“दिवसा वस्तीवर कायम कोण असतं?” मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी बघितलं एकाच दिशेला, प्रयागबाईंकडं.

“मग काकू, कॉल तुम्हीच करायचा.”

“मी कशाला? आप्पा करत्यात की.”

“आप्पा दिवसभर रानात असतात. वेळ आली तर फोन तुमच्याच हातात असणार.”

हे मात्र खरं होतं. प्रयागबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला. मॅडमनी नंबर लावून दिला आणि आवाज मोठा केला. सगळ्यांना ऐकू येऊ लागलं.

“नमस्कार. काय मदत हवी आहे?”

“आमच्या हितं माणूस पडलंय,” प्रयागबाई म्हणाल्या.

“गाव कोणतं?”

“बावडा. बावड्याच्या पुढं, चारीच्या कडंला.”

“वस्तीचं नाव सांगा.”

तोच प्रश्न, तसाच. बाई दुसरी असेल, पण शब्द तेच होते. प्रयागबाईंचे ओठ हलले आणि मिटले.

“हॅलो? वस्तीचं नाव सांगा, मावशी.”

आप्पा पुढं सरकला, तसा मॅडमनी हातानं त्याला थांबवलं. वस्तीवरची सगळ्यांत जुनी बाई, आक्काबाई, तिला राहवेना. “आगं उखाण्यात घे की! लग्नात घेतलं व्हतंस न्हाय का!” ती म्हणाली आणि बाया हसल्या.

उखाणा प्रयागबाईंना येत होता. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी घास भरवताना घेतलेला अजून अक्षर न् अक्षर पाठ होता. त्यांनी तोंड उघडलंही. पण विहिरीजवळची ती दुपार डोळ्यांपुढं उभी राहिली. मातीत पडलेला तो माणूस, वाकडं झालेलं तोंड. त्या दिवशी यमक जुळवायला वेळ कुठला होता?

“हिंदुराव,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. मग श्वास घेऊन, बांधावरनं हाक मारावी तसं मोठ्यानं म्हणाल्या, “हिंदुराववस्ती!”

“ओ.”

घोगरा, अर्धा आवाज. मॅडमना वाटलं, मागं कुणीतरी चेष्टा केली. त्या रागावून वळल्या. पण मागं सगळी माणसं बाजेकडं बघत होती. उशांना टेकलेले हिंदुराव बायकोकडं बघत होते. त्यांचा उजवा गाल लटकलेलाच होता, पण तोंड उघडं होतं. दिपालीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

“मावशी, तिकडं गलका झाला, ऐकू नाही आलं,” फोनमधली बाई म्हणाली. “नाव परत एकदा सांगा.”

प्रयागबाईंनी फोन ओट्यावर ठेवून दिला, बाजेकडं तोंड केलं आणि नाव परत एकदा घेतलं.