पेरणीचे फाडलेले पान

मित्रांनो, मी जुना ग्रंथ आहे, पण रद्दी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या महिन्यात मला रद्दीच्या ढिगात बसवले होते आणि तो राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म अमरावतीच्या एका छापखान्यात झाला. तेव्हा शिशाचे खिळे एकेक करून जुळवत असत. बायबलमधल्या काळात यहुदी लोक कसे राहत, काय खात, सण कसे पाळत, शेती कशी करत, हे सगळे मराठीत सांगावे म्हणून एका मास्तरांनी नऊ वर्षे खपून मला लिहिले. त्यासाठी ते उतारवयात हिब्रू भाषा शिकले. मुद्रिते त्यांच्या पत्नी तपासायच्या. "तिकडची मापं लोकायले काय समजतीन? पायलीत सांगा," असे त्यांनी बजावले, म्हणून माझ्यात धान्याची सगळी मापे पायलीत आहेत.

पुढे मी अकोल्याच्या जुन्या शहरात एका चर्चच्या वाचनालयात आलो. सुरुवातीची वर्षे मोठ्या मानाची होती. उपदेश करणारे लोक खेड्यांतून येत आणि मला समोर ठेवून टिपणे काढत. छप्पर उकलून आजारी माणसाला येशूपुढे खाली सोडल्याची गोष्ट वाचली की ते म्हणत, "हे त आपल्या मातीच्या सपाट धाब्याच्या घरावानीच झालं!" मला तेव्हा फार बरे वाटायचे.

मग एका वर्षी परीक्षा जवळ आली असताना धर्मशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने माझे दोनशे सतरावे पान पट्टी लावून सफाईने फाडून नेले. लिहून घ्यायचा कंटाळा, दुसरे काय! तो आज कुठे शिकवत असेल, तर काय शिकवत असेल देव जाणे.

त्यानंतर वाचणारे कमी झाले. धूळ बसली, कसर लागली. वाचनालय सांभाळणाऱ्या कुंदनभाऊंना संगणकासाठी जागा हवी होती, म्हणून त्यांनी मला उचलून दाराजवळच्या ढिगात टाकले. त्याच सकाळी वर्षाली आली.

वर्षाली हिवरखेडच्या शेतकरी घरातली. तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी शास्त्र शिकवायला कुणी नव्हते आणि ते काम तिला मनापासून हवे होते. मंडळीने तिला एक रविवार देऊन पाहिला. तिने येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, निवडला. पेरणारा पेरायला निघाला आणि काही बी वाटेवर पडले व ते पाखरांनी खाऊन टाकले, इथवर ती आली, तोच मंडळीतले सर्वांत जुने शेतकरी सूर्यभानकाका उठून उभे राहिले.

"काहून वं पोरी, तिफणीतलं बी वाटीवर कसं पडन? मूठ चाड्यात सोडली का बी नळ्यातून सरकं तासातच जाते. तो पेरनारा येडा होता काय?"

तिफण म्हणजे बैलांनी ओढायचे पेरणीचे अवजार; तिच्या चाड्यात, म्हणजे वरच्या वाडग्यात, सोडलेले बी नळ्यांतून थेट तासात, म्हणजे सरीत, पडते. सगळे हसले. काकांनी निकाल देऊन टाकला, "येत्या रविवारी उत्तर आन. नाही त आमी अकोल्याहून दुसरं मानूस मांगतो."

म्हणून ती आली होती. ढिगात वाकून तिने मला उचलले, पदराने पुसले आणि मागची सूची उघडली. 'पेरणीच्या रीती, पान २१७.' तिने भराभर पाने उलटली. दोनशे सोळानंतर एकदम दोनशे एकोणीस! मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. एकेकाळी माझ्यात असलेले उत्तर जिला हवे होते, तिलाच मी देऊ शकत नव्हतो.

दुसरी कुणी असती तर परत गेली असती. ही म्हणाली, "पान गेलं त गेलं. बाकीचं पुस्तक त हाय न!"

तिने मला घरी न्यायला मागितले. कुंदनभाऊ म्हणाले, "संदर्भग्रंथ भायेर जात नाही, ताई." बघा कसा न्याय! रद्दीत जायला मी मोकळा, आणि वाचणारीच्या घरी जायला बंदी. मग वर्षाली तीन दिवस रोज एसटीने आली, अकोटला गाडी बदलून. पहिल्या पानापासून तिने मला ओळीने वाचले. लग्ने, सुतक, भाकरीच्या भट्ट्या, सगळे वाचले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शब्बाथच्या प्रकरणाशी आली. त्या विश्रांतीच्या दिवशी कोणती कामे करायची नाहीत, याची यहुदी गुरूंनी केलेली यादी तिथे आहे: पेरणे, नांगरणे, कापणे, पेंढ्या बांधणे, मळणे... तिचे बोट थांबले.

"हे उलटं कसं? पयले नांगर, मंग पेरनी!"

शेतकऱ्याची लेक म्हणूनच हे तिच्या डोळ्यांत भरले. मोठमोठे विद्वान त्या ओळीवरून सरळ पुढे गेले होते. तिने पानाच्या तळाची बारीक टीप वाचली. 'त्या देशात बी हाताने फोकून, म्हणजे विखरून, मग त्यावर नांगर फिरवीत व बी मातीआड करीत.' ती एवढ्या जोरात हसली की कुंदनभाऊ धावत आले. सगळे ऐकून ते म्हणाले, "तीन दिवसापासून पाहून राहिलो मी. ने ताई, घरी ने."

रविवारी तिने मला हातात घेऊनच दाखला सांगितला. काकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"काका, थे लोक पयले बी फोकत अन् मंग नांगरत. वावरातली पायवाट सुद्दा नांगरल्या जायची होती, म्हनून त्यानं तिच्यावर बी फोकलं. नांगर यायच्या आंधीच पाखरं आली."

काका म्हणाले, "मंग तो येडा नोयता. आमीच त्याले आपल्या तिफणीनं मोजून राहिलो होतो. पुढच्या रविवारी काय सांगशीन, पोरी?"

वर्षालीला तिचे काम मिळाले. परत देण्याआधी तिने पेरणीची ती सगळी रीत निळ्या पेनाने एका कागदावर लिहिली आणि तो कागद दोनशे सोळाव्या पानानंतर खळीने चिकटवला. आता मी पुढच्या कपाटात आहे.

मित्रांनो, आम्हाला ओल लागू देऊ नका, आमच्यावर धूळ साचू देऊ नका. आणि एखादे पान फाडायला हात गेलाच, तर एवढे आठवा. तुमची गरज एका परीक्षेपुरती असते. त्याच पानासाठी पुढे कुणीतरी तीन दिवस एसटीने येणार असते, आणि सगळ्याच जणी वर्षालीएवढ्या चिवट नसतात.